धापेचा ताळेबंद

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात बँकेच्या शाखेत खोकणं ही एक सार्वजनिक घटना होती. त्याआधी माझा खोकला कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. पांढुर्ण्यात कापसाच्या हंगामात जिनिंगमधले तंतू रस्त्यापर्यंत तरंगत येतात, महामार्गावरून नागपूर-भोपाळचे ट्रक धुळीचा पडदा ओढत जातात आणि पावसाळा सरता सरता रिकाम्या प्लॉटांवर गाजर गवत असं काही फुलतं, की एखाद्या पाहुण्याला ती बागच वाटावी. अशा गावात खोकणारा माणूस हा देखाव्याचाच भाग असतो. शिवाय दम्याच्या खोकल्याला स्वतःची चाल असते. आधी दोन कोरडे ठोके, मग उसंत, मग छातीत खोलवर एक लांबलेली शिट्टी. मैफलीतला जुना गायक सम समोर दिसत असूनही तिच्याभोवती घुटमळत राहतो, तसं काहीसं. पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्या गिऱ्हाइकांना ही चीज इतकी पाठ झाली होती, की मी मध्ये थांबलो तर ते पासबुकातून डोकं वर काढून बघत.

आणि मग एकाएकी त्याच खोकल्याला श्रोते मिळाले. त्या महिन्यात बायकांच्या जनधन खात्यांत पाचशे रुपये जमा झाले होते. एप्रिल ते जून असे तीन महिने ते येणार होते. गर्दी होऊ नये म्हणून खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले होते: शून्य आणि एकवाल्यांनी ३ एप्रिलला यावं, दोन आणि तीनवाल्यांनी ४ तारखेला, असं करत आठ-नऊवाल्यांची पाळी ९ एप्रिलला. योजना कागदावर फार देखणी होती. पण आमच्याकडच्या बाया बँकेत एकट्या येत नाहीत. शून्यवालीबरोबर तिची सातवाली जाऊ यायची, जावेबरोबर चारवाली शेजारीण, आणि सगळ्या मिळून चुन्याच्या एकेका गोलात उभ्या राहायच्या. मी काउंटरवर खोकलो, की ती अख्खी रांग एक पाऊल मागे सरकायची. इतकी शिस्त मी कवायतीच्या मैदानावरही पाहिली नव्हती. एकदा मागून कुजबुज आली, "साहेबाले झाला वाटते." समोर सावरगावकडची एक म्हातारी अंगठा शाईत बुडवून उभी होती. मी मास्कच्या आडून म्हणालो, "माय, हा करोनाचा नाही जी, लहानपणचा आहे." तिनं मला क्षणभर न्याहाळलं. "लहानपणचा हाय? मंग घरचाच हाय तो," असं म्हणून तिनं अंगठा पुढे केला.

एवढ्या सहजपणे माझी तपासणी त्या वर्षात दुसऱ्या कुणी केली नाही. केंद्र सरकारनं मार्चमध्येच आपल्या कचेऱ्यांना कळवलं होतं, की वयस्क, गरोदर आणि आधीपासून आजारी असलेल्या कर्मचाऱ्यांना लोकांशी थेट संबंध येणाऱ्या कामावर ठेवू नये. आमचे शाखाधिकारी भले गृहस्थ. त्यांनी मला आत बोलावून, सहा फुटांवरून, अत्यंत हळुवारपणे विचारलं, "तुम्हाला दमा आहे ना? कितपत आहे?" या 'कितपत'नं मला निरुत्तर केलं. उंची किती, पगार किती, जमीन किती एकर, हे आमच्याकडे भर रस्त्यात विचारतात. पण दमा कितपत, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. दम्याचा स्वभाव असा, की मोजायला गेलं तर तो घरी नसतो. रात्री दोनला उशा रचून बसलेला माणूस सकाळी डॉक्टरांपुढे जातो तेव्हा त्याची छाती स्वच्छ वाजते, आणि डॉक्टर त्याच्याकडे थोड्या संशयानं बघतात. जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायची एक नळीही मी घेऊन ठेवली होती. चुलीच्या फुंकणीची ती शिकलेली नात. तिच्यावरचा काटा मी फुंकलं की हिरव्या पट्ट्यात जाऊन बसायचा आणि मी तिला खोक्यात ठेवली की माझी शिट्टी सुरू व्हायची. शेवटी साहेब म्हणाले, "तुम्हीच ठरवा. मला मान्य असेल." चार माणसांच्या शाखेत काउंटर सोडायचा म्हणजे तो उरलेल्या तिघांपैकी कुणाच्या तरी गळ्यात घालायचा. त्यांतल्या एकाला साखर होती आणि एकीचं मूल अंगावर पीत होतं.

ठरवायचं म्हणून मी वाचायला बसलो. वुहानच्या इस्पितळांमधून सुरुवातीला आलेल्या अहवालांत दम्याचे रुग्ण चक्क कमी दिसत होते, त्यामुळे मला एक दिवस उगाच खानदानी असल्यासारखं वाटलं. अमेरिकेच्या सरकारी यादीत मात्र मध्यम ते तीव्र दम्याचं नाव होतं; म्हणजे पुन्हा तेच 'कितपत'. जुलैमध्ये इंग्लंडातल्या १ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी चाळून काढलेला निष्कर्ष आला: साध्या दम्यानं मृत्यूचा धोका जवळपास वाढत नाही, अलीकडे स्टेरॉइडच्या गोळ्या पोटात घ्याव्या लागल्या असतील तर थोडा वाढतो. अ‍ॅलर्जीच्या दम्यात श्वासनलिकेच्या पेशींवर विषाणूला आत शिरायची दारंच कमी असतात, असंही काही शास्त्रज्ञ म्हणत होते. आयुष्यभर ज्या नळ्यांना मी दोष दिला त्याच बिचाऱ्या कड्या लावून बसल्या असतील, या कल्पनेनं मला थोडं भरून आलं.

पण सगळ्यात मन रमलं ते एका ब्रिटिश तक्त्यात. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या तिकडच्या डॉक्टरांनी 'कोविड-वय' नावाची एक युक्ती काढली होती. तुमचं खरं वय घ्यायचं, त्यात आजारांपायी काही वर्षं मिळवायची, आणि येईल ती बेरीज म्हणजे या साथीपुरतं तुमचं वय. मोजमाप सुरू होतं एका निरोगी गोऱ्या पुरुषापासून. दमा असेल तर त्याच्या तीव्रतेप्रमाणे वर्षं वाढतात, आशियाई वंशाचे असाल तर आणखी वाढतात, स्त्री असाल तर कमी होतात. मी बेरीज केली आणि एका बसण्यात म्हातारा झालो. बायकोची वजाबाकी झाली. तिनं तो तक्ता छापून घ्यायला सांगितला आणि बरेच दिवस तो आमच्या फ्रिजवर लावलेला होता.

तो निरोगी गोरा गृहस्थ मात्र माझ्या मनातून जाईना. माझ्याच वयाचा, छाती भरून श्वास घेणारा, कसल्याही गवताची तमा नसलेला. काउंटरवर बसलो की तो माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसू लागला. शाईची गादी, ओलसर नोटा, मास्क हनुवटीवर घेऊन "आँ? काय म्हणता जी?" करत काचेच्या भोकापर्यंत वाकणारे आजोबा, या सगळ्याकडे तो शांतपणे बघायचा आणि त्याचं वय अजिबात वाढायचं नाही. मला त्याचा राग नव्हता. फक्त वाटायचं, याला एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर न्यायला पाहिजे.

कारण धोक्याचा हिशेब आमचं गाव आपल्या पद्धतीनं फार पूर्वीपासून करत आलं आहे. दरवर्षी त्या दिवशी पहाटे नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि मग अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मध्ये नदी, आणि दिवसभर गोटे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला, नदीच्या मध्यावर दोन्हीकडून दगड आले आणि दोघंही तिथेच गेली, अशी कथा सांगतात. त्या प्रेमाची आठवण म्हणून आम्ही एकमेकांची डोकी फोडतो. गोटमारीत आजवर कित्येक जीव गेले आहेत; एकदा प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, तर लोकांनी दगडच मारले. डॉक्टरांचे तंबू, रुग्णवाहिका, पोलीस आधीच हजर असतात, आणि जखमेवर चंडीमातेचा अंगारा लावून माणूस पुन्हा पात्रात उतरतो. ऑगस्ट २०२० मध्ये साथीमुळे गोटमार नको, असं बजावलेलं होतं. दगड तरीही उडाले. ज्यांनी पाच महिने भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून घेतली होती, त्यांच्यातलेही काही काठावर होते, आणि त्यांच्यातल्या काहींनी, हे मला विशेष वाटलं, मास्क व्यवस्थित लावला होता.

हे वेडेपण आहे, असं म्हणून हात झटकता येतील. माझं तेवढ्यानं होत नाही. आमच्या शेजारच्या भाऊंच्या कपाळावर गोटमारीच्या खुणा आहेत आणि ते त्या दागिन्यासारख्या बाळगतात. हेच भाऊ करोनाच्या पहिल्या महिन्यांत दुधाची पिशवी चिमट्यानं उचलत. गोटा कुठून येतो ते दिसतं, मारणारा ओळखीचा असतो, बापाच्या कपाळावरही तसलीच खूण असते. घरात वाढलेल्या धोक्याची भीती वाटत नाही. मग मला ती अंगठेवाली म्हातारी आठवायची. तिनं माझ्या खोकल्याला हाच न्याय लावला होता. आणि तो निरोगी गोरा गृहस्थ, मी कल्पना करतो, सावरगावच्या बाजूनं एका दरडीवर रुमाल अंथरून बसला असता, तर त्याच्या तक्त्यात या रकान्यासाठी किती वर्षं मिळवली असती, कोण जाणे.

माझ्या दम्याला घरचा करण्यात आईचा हात मोठा. मी लहान असताना तिनं या आजाराचा सर्व दिशांनी पाठलाग केला. कोजागिरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून औषध मिळायचं आणि त्यानंतर रात्रभर जागायचं अशी अट असायची. दम्याच्या माणसाला ही अट कशाला घालतात, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. शनिवारी ती मला सौंसरजवळच्या जामसावळीला न्यायची. बाकी ठिकाणी उभा असणारा, उड्डाण करणारा, डोंगर उचलणारा मारुती तिथं चक्क आडवा आहे, झाडाखाली निजलेला. धाप लागलेल्या माणसाला आडवं होता येत नाही. तो रात्रभर बसून असतो. आई त्या निजलेल्या देवापुढे हात जोडून माझ्यासाठी दुसरं काही मागत नसे, फक्त म्हणायची, "याले बी असंच निजू दे बापा." मृग लागला की हैदराबादच्या माशाची चर्चा निघायची. तिथं बथिनी घराण्यातले लोक जिवंत मरळीच्या पिलाच्या तोंडात औषध भरून ते सबंध गिळायला देतात, शाकाहाऱ्यांना गुळातून. मामा एकदा जाऊन आले होते आणि मासा वळवळत नळी साफ करत जातो, असं त्यांनी हातानं करून दाखवलं. मला नेलं नाही, पण तो मासा पुढे राहतो कुठे, या चिंतेत माझं बरंच बालपण गेलं. २०२० च्या जूनमध्ये तो कार्यक्रमच रद्द झाला. श्वासाच्या औषधाची रांग श्वासाच्याच आजारानं मोडली.

पंप आला तो फार उशिरा आणि मागच्या दारानं. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं विचारलं होतं, की माझं औषध अत्तराच्या फवाऱ्यासारखं का नाही मिळत. त्यातून १९५६ साली पहिला पंप बाजारात आला. त्या मुलीचा हट्ट जगभर पोचला, आमच्या घरी मात्र त्याला कपाटात साड्यांच्या घडीखाली जागा मिळाली. पंप लागला म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही, आणि मुलीकडच्यांना कळलं तर संपलंच. लग्नानंतर कितीतरी दिवस मी न्हाणीघरात नळ सोडून पंप ओढत असे. बायकोला वाटायचं, मी फार पाणी वापरतो.

त्या टाळेबंदीत खरं सांगायचं तर मला आयुष्यात कधी आला नव्हता इतका सुरेख श्वास आला. महामार्ग ओस, जिनिंग बंद, हवा धुऊन वाळत घातल्यासारखी. संत्र्याच्या बागांकडून वारा आला की मी मुद्दाम थांबून तो हुंगायचो. त्या दिवसांत वास येणं हाही तब्येतीचा दाखलाच होता. जग धापा टाकत होतं आणि गावातला दमेकरी संध्याकाळी गच्चीवर छाती फुगवून उभा होता. याचा आनंद मानावा तर कसा, आणि न मानावा तर श्वास परत कुठे करायचा?

काउंटर मी सोडला नाही. त्यात शौर्य नव्हतं. तक्त्यानं दिलेल्या आकड्याचं काय करायचं, तेच मला कळेना. शंभरातले अमुक जातात, हे शंभरांना सांगण्यासारखं आहे; माझ्याजवळ मी एकच होतो. आणि भीती म्हणाल तर ती घरी ओसरीवर बसलेली असायची. आई सत्तरीच्या पुढची. तक्त्यात घातली असती तर तिच्या बेरजेनं कागदाची कड ओलांडली असती. मी मागच्या दारानं येऊन, आंघोळ करून, अंगणातल्या टोकाच्या खुर्चीवर बसायचो, ती ओसरीतून विचारायची, "आज बँकेत कोण कोण आलं होतं?" मी सांगत सुटायचो. कोण आलं, कुणाची सही जुळली नाही, कुणाची म्हैस व्याली. मला वाटे, तिला एकटीला करमत नाही. बऱ्याच दिवसांनी ध्यानात आलं, की ती गोष्टी ऐकतच नसे. मी एका श्वासात किती शब्द बोलतो, ते ती ऐकायची. डॉक्टरही अगदी हेच बघतात, रुग्णाला वाक्य पुरं करता येतं की मध्ये तोडावं लागतं. वाक्य नीट संपलं की ती उठून आत चहा ठेवायची. आणि मीही तिच्या उठण्यातला, उंबऱ्याशी थबकण्यातला श्वास ऐकत असे. दहा फुटांवरून आम्ही दोघं एकमेकांची मोजणी करत होतो आणि बोलत होतो म्हशीबद्दल.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना आणि पंचेचाळिशीच्या वरच्या आजारी माणसांना लस सुरू झाली. वीस आजारांची यादी निघाली. मी तिच्यात मोठ्या आशेनं शिरलो. श्वसनाच्या तीव्र आजाराचं नाव होतं. पण गेल्या दोन वर्षांत त्यापायी रुग्णालयात भरती झालेलं असावं, किंवा फुंकण्याच्या चाचणीत आकडा निम्म्याच्या खाली यावा. माझं दोन्हीत बसेना, आणि पंचेचाळीसही पुरी व्हायची होती. जन्मभर ज्याच्यामुळे कबड्डीतून, फटाक्यांतून, पिंजाऱ्याच्या दुकानासमोरच्या रस्त्यातून मला वगळलं गेलं, तो दमा ऐन वेळी नापास झाला. आईनं लस घेतली आणि येताना मला म्हणाली, "तुयाच दम्याच्या नावानं मी देवाले इतकं छळलं, अन् सरकार म्हणते, आजार हायच नाही."

त्याच मार्चमध्ये मध्य प्रदेशानं महाराष्ट्रात जाणाऱ्या बसेस बंद केल्या. पांढुर्ण्याच्या माणसाला ही शिक्षा काय, हे भोपाळला कळणं कठीण. १९५६ साली नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो, पण लग्नाचा बस्ता, पोराचं कॉलेज आणि छातीचा डॉक्टर अजून नागपूरलाच आहे. एप्रिल आला तेव्हा मात्र तिथंही खाट मिळेना. त्या महिन्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. आमच्या काउंटरवर वारसाचे अर्ज किती आले, ते आम्ही चौघं एकमेकांशीही बोललो नाही.

त्या एप्रिलमध्ये एक विचित्र गोष्ट झाली. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं, की सौम्य करोनात सुरुवातीलाच ब्युडेसोनाइड ओढलं तर आजार बळावायचं प्रमाण घटतं. आपल्याकडच्या एम्स आणि आयसीएमआरच्या सूचनांमध्येही ते आलं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. म्हणजे माझाच पंप! साड्यांखाली वाढलेला. औषधाच्या दुकानांतून तो दिसेनासा झाला आणि ज्यांनी मला आयुष्यभर "सवय लागते बरं" म्हणून बजावलं, ते दबक्या आवाजात फोनवर विचारू लागले, एखादा जास्तीचा आहे का. शेजारच्या भाऊंचा ताप पाचव्या दिवशीही उतरेना, खोकला वाढला; डॉक्टरांनी फोनवर तेच औषध सांगितलं आणि ते गावात मिळेना. माझ्याजवळ एक न फोडलेला होता. मी तो कुंपणाच्या भिंतीवर ठेवून दहा पावलं मागे सरकलो. भाऊ आपल्या अंगणात आले, भिंतीशी थांबले. त्या कपाळानं गोटे झेलले होते. ते चिमूटभर प्लॅस्टिककडे असं बघत होते, की जणू ते उडून अंगावर येईल.

"हलवा आधी," मी म्हणालो. "आता सगळा श्वास बाहेर सोडा. ओठ घट्ट धरा. दाबा, अन् सोबतच हळूहळू आत ओढा. आता रोखा. दहापर्यंत मोजा."

पहिल्यांदा सगळं औषध जिभेवर गेलं. दुसऱ्यांदा त्यांनी दाबायच्या आधीच ओढलं. तिसऱ्यांदा पंप तोंडाशी धरून ते अडले, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पण दहा मनात मोजाचे का मोठ्यानं?"

मी उत्तर देणार तोच आमच्या खिडकीतून आईचा आवाज आला. "मनात, बापा, मनात! मोठ्यानं मोजशीन तर आत काय राहीन?"

भाऊंनी डोळे मिटून ओढलं आणि रोखलं. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि मग फसकन श्वास सुटला. "सहालेच फुटला जी," ते खजील होऊन म्हणाले.

"सहा लय झाले पहिल्या दिवशी," आई खिडकीतूनच म्हणाली. "आता चूळ भरून टाक म्हणा त्याले, नाहीतर तोंड येते."